गारगाडीचं दुसरं यंत्र

करंजमाळ वस्तीला पिण्याच्या पाण्याचा टँकर मिळावा, असा अर्ज दगडाबाई भीमा पालवे यांनी एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या मार्च महिन्यात माझ्याकडे दिला. अर्ज रीतसर होता. अंगठा जागेवर होता. तो अर्ज आता निकाली निघालेला आहे. पण तो कसा निघाला याबद्दल तालुक्यात लोक नाही नाही ते बोलतात, म्हणून खरा प्रकार लिहून ठेवतो. मी तिथला तलाठी. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण नोकरीची सहा वर्षं अजून शिल्लक आहेत आणि मला पेन्शन हवी आहे.

करंजमाळ तिसगावापासून तीन मैलांवर. घरं चाळीस, विहिरी दोन, आणि त्या वर्षी दोन्ही विहिरींत उतरून माणसं बिडी ओढत बसायची, कारण सावली तेवढी तिथंच होती. श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला गेलेली मंडळी परत आल्यामुळं तोंडं दुप्पट झाली होती. बायका दोन मैल चालून नदीची वाळू उकरायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. दगडाबाईची सून रंगुबाई त्यात गरोदर, दिवस भरत आलेली.

"भाऊसाहेब, वैशाख लागला की पोरगी मोकळी हुईल," दगडाबाई मला म्हणाली. "बाळंतिनीला पानी लागतं. न्हायाला लागतं, प्यायाला लागतं, बाळुत्याला लागतं. दोन मैलांवरनं मी किती आनू? माजं गुडघं काय सरकारी हायेत व्हय, न दुखायला?"

मी म्हटलं, काळजी करू नका. परिपत्रक स्वच्छ होतं. वस्तीपासून एक मैलाच्या आत कुठलाही जलस्रोत नसेल तर टँकर द्यावा. करंजमाळच्या मैलभरात पाणी सोडाच, ओल नव्हती. अशी निर्मळ टंचाई मी माझ्या नोकरीत पाहिली नव्हती. फक्त विशेष पाहणी अधिकाऱ्यांनी एकदा येऊन बघायचं आणि सही करायची, इतकंच उरलं होतं.

विशेष पाहणी अधिकारी म्हणजे सबनीस साहेब. ते गाडी घेऊन आले. तिचं सरकारी नाव फिरते विश्रामगृह. परदेशातल्या कुठल्याशा दानशूर संस्थेनं ती आपल्याकडच्या दुष्काळग्रस्तांसाठी बोटीनं पाठवली होती. तिकडची माणसं म्हणे सुट्टी लागली की राहतं घर सोडून घरासारख्याच गाडीत राहायला जातात. का जातात, ते त्यांचं त्यांना माहीत. गाडीत पुढं बैठकीची खोली, मागं निजायची खोली, मधे मोरी, शेगडी, आरसा, आणि छपरावर हवा गार करणारं यंत्र. आता दुष्काळग्रस्त होते लाखांनी आणि खाटा होत्या दोन. समान वाटप शक्य नव्हतं. म्हणून मग ती गाडी दुष्काळाची पाहणी करणाऱ्यांना देण्यात आली. लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव गारगाडी ठेवलं आणि पुढं सगळ्यांच्या तोंडी तेच राहिलं.

साहेबांना गाडीबद्दल एकच तक्रार होती. छपरावरचं यंत्र पुढच्या खोलीपुरतं पुरायचं. मागची खोली भट्टीसारखी तापायची. दुसरं यंत्र बसवून मिळावं असं त्यांनी तीनदा लिहिलं होतं आणि वरून तिन्ही वेळा एकच शेरा आला होता, की चालू टंचाई पाहता सदर बाब शोभणार नाही. तेव्हापासून साहेब दुपारची झोप बैठकीच्या खोलीत बाकावर काढायचे आणि उठले की चिडचिड करायचे.

तर साहेब आले. गाडी दगडाबाईच्या अंगणाला लागून, लिंबाखाली उभी राहिली, कारण सावलीचं झाड तेवढंच. साहेबांनी काचेतून टंचाईची पाहणी सुरू केली. यंत्र घुरघुरत होतं. आणि मागच्या बाजूला एका बारीक नळीतून थेंब थेंब पाणी टिपकायला लागलं.

आमच्या भागातल्या बाईला काही टिपकताना दिसलं, की तिचा हात आधी हंड्याकडं जातो. काय टिपकतंय हे ती मग विचारते. दगडाबाईनं हंडा लावला. चार वाजेपर्यंत तो अर्धा भरला. वस्ती गोळा झाली. पदराचं फडकं लावून बायकांनी पाणी गाळून बघितलं, चाखून बघितलं. गोड होतं.

इथं गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण आमच्याकडं नवं पाणी लागलं की ते कोरडं घेत नाहीत. विहीर असो, झिरा असो, आधी हळदकुंकू, मग नारळ. दगडाबाईनं नळीला हळदकुंकू लावलं. कारभारी, म्हणजे वस्तीचा पुढारी, अंगानं आडवा आणि बोलायला गोड, त्यानं घरातला नारळ आणून गाडीच्या चाकापाशी फोडला. सगळ्यांनी हात जोडले. थोडी थट्टाही होती त्यात, नाही असं नाही. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

नारळाचा आवाज ऐकून साहेब दार उघडून बाहेर आले. आता, नारळ फुटला की पुढं होऊन उभं राहायचं, ही साहेबांची वीस वर्षांची सवय. ते उभे राहिले. त्यांच्याबरोबर फोटोग्राफर असायचाच, त्यानं फोटो काढला. कारभाऱ्यानं साहेबांच्या हातावर खोबरं ठेवलं. साहेब दोन शब्द बोलले. म्हणजे बघा, जलपूजन झालं!

जलपूजन झालं की पंचनामा तलाठ्यानं लिहायचा, हा दंडक. मी लिहायला बसलो. माझा हात सवयीनं चालतो, डोकं मागून येतं. 'आज रोजी मौजे करंजमाळ वस्ती येथे नवीन स्रोताचे जलपूजन साहेबांचे शुभहस्ते झाले. पाणी गोड. वस्तीपासून अंतर चौदा फूट.' पाच पंचांच्या सह्या-अंगठे घेतले. पहिला अंगठा दगडाबाईचा. खाली वाळू टाकून शाई टिपली, आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण काय केलं.

आठव्या दिवशी उत्तर आलं. करंजमाळपासून चौदा फुटांवर जलस्रोत उपलब्ध असल्याचे दप्तरी दिसून येत असल्याने टँकरची मागणी अमान्य.

मी ते दगडाबाईला वाचून दाखवलं. तिनं एकदा गाडीच्या चाकांकडं बघितलं. मग म्हणाली, "भाऊसाहेब, तुमी शिकल्याले. ही गाडी हाय. हिला चाकं हायेत. उद्या गेली तर?"

"जाणार नाही," मी म्हणालो. "ती आता दप्तरात स्रोत म्हणून लागली आहे. नोंदलेला स्रोत जागचा हलवता येत नाही."

आणि खरंच, साहेबांनी दुसऱ्या दिवशी निघायची आज्ञा केली, तर त्यांना वरून विचारणा आली की पिण्याच्या पाण्याचा स्रोत टंचाईच्या काळात कोणाच्या परवानगीने हलवण्यात येत आहे. गाडीचा ड्रायव्हर गोरक्षनाथ मोठा मिस्कील. त्यानं चारही चाकांना दगड लावले आणि लिंबाखाली घोंगडी पसरली. साहेबांचं बिऱ्हाड करंजमाळला पडलं.

अर्धा हंडा आणि चाळीस घरं. पाळी लागायची ती एका घराला चाळिसाव्या दिवशी. दगडाबाई पहाटे उठून नदीला जातच होती. शेवटी कारभाऱ्याच्या डोक्यातून ती कल्पना निघाली.

"येका यंत्राचा अर्धा हंडा पडतुया," कारभारी पारावर म्हणाला. "दोन यंत्रं बसली तर येक हंडा पडंल. टँकर देत न्हाईत ना? मग आपुन दुसरं यंत्र मागू. काय भाऊसाहेब, बसतं का कायद्यात?"

मी हसलो. मग विचार केला आणि हसू थांबलं, कारण ते कायद्यात बसत होतं. अगदी घट्ट बसत होतं. विहिरीला पाणी कमी पडलं तर ती खोल करायला 'अस्तित्वातील स्रोत बळकट करणे' या सदराखाली मंजुरी मिळते. आमचा स्रोत खोल करता येण्यासारखा नव्हता. पण बळकट करता येत होता.

मी अर्ज लिहिला. 'फिरत्या विश्रामगृहावर दुसरे वातानुकूलन यंत्र बसवून मिळणेबाबत. अर्जदार : समस्त टंचाईग्रस्त ग्रामस्थ.' तो साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी एकदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नोकरीत वरिष्ठाच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं ते तेवढंच.

"तलाठी," ते म्हणाले, "जनतेला खरी गरज बरोबर कळते हो. आपणच कमी पडतो."

जी गोष्ट तीनदा शोभली नव्हती, ती तीन दिवसांत मंजूर झाली. नगरहून दोन माणसं आली. त्यांनी मागच्या खोलीच्या छपराला भोक पाडून दुसरं यंत्र बसवलं. छप्पर किंचित खाली वाकलं, त्याला आतून एक लाकडी टेकू दिला. दोन्ही यंत्रं एकदम सुरू केली, तर गाडीखालचं वीज करणारं इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. त्याच्यात दोन यंत्रांचा दम नव्हता.

म्हणून मोठं इंजिन आलं. डिझेलचं, विहिरीवर बसवतात तसलं. ते लिंबाच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. आता हे इंजिन म्हणजे पाण्यावर गार होणारं. त्याच्या शेजारी पिंपं भरून ठेवावी लागतात, पाणी इंजिनातून फिरतं, तापतं, वाफ होऊन जातं, पुन्हा भरावं लागतं. पाण्यावाचून चालवलं तर जळून जातं. यंत्रासाठी लागणाऱ्या पाण्याला परिपत्रकात मैलाची अट नव्हती. अट होती ती फक्त माणसांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी करंजमाळला टँकर आला.

पोरं ओरडत पळाली. बायका घागरी घेऊन निघाल्या. दगडाबाई तर सुनेला सांगायला आधी घरात गेली, मग हंडा घेऊन बाहेर आली. आणि मला, वस्तीच्या तलाठ्याला, दोन्ही हात पसरून टँकरसमोर उभं राहावं लागलं. टँकरवर पाटी होती. 'फक्त यंत्रासाठी.'

"दगडाबाई, हे इंजिनाचं पाणी आहे."

"इंजन पितंय?"

"पितं म्हणजे, त्याला लागतं. इंजिन चाललं की यंत्रं चालतात. यंत्रं चालली की नळीतून तुमचं पाणी पडतं."

 बोटं मोजून हिशेब घालावा तशी ती टँकर, इंजिन, गाडी, नळी असं ओळीनं बघत गेली. मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, "म्हंजी येक टँकर आत घालायचा, आन् हंडाभर भाईर काढायचं. मंग ह्यो मदला समदा खटाटोप काढून टाका की, भाऊसाहेब. टँकरचीच तोटी सोडा."

"बाई," मी म्हणालो, "मधला खटाटोप काढला तर सरकार राहील कुठं?"

मी ते थट्टेनं म्हणालो नव्हतो. मला लाज वाटली. बायका रिकाम्या घागरी घेऊन माघारी गेल्या तेव्हा मी खाली मान घालून वहीत टँकरची वेळ लिहीत होतो. आठ वाजून दहा मिनिटं. कोणी विचारलं असतं तरी मी टँकर सोडला नसता, आणि कोणी विचारलं नसतं तरी सोडला नसता. तलाठी असाच असतो, त्याला काय करणार!

बरं, हंडाभर तरी पडायला हवं होतं. दोन यंत्रं मिळून पडलं ते पुन्हा अर्धाच हंडा. कारभारी माझ्यावर उखडला. मी इंजिनियरला बोलावलं. तो तरुण पोरगा होता, खरं बोलायची सवय अजून गेलेली नव्हती.

"हे पाणी हवेतल्या दमटपणाचं असतं," त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. "इथली हवा तर भाजलेली, तिच्यात काय असणार? जे काही पडतं ते आत बसलेल्या माणसाचं. श्वास, घाम, वगैरे. माणूस एक, तर पाणी अर्धा हंडा. यंत्रं दोन काय, दहा लावा."



"म्हंजी," दगडाबाईनं विचारलं, "म्हैनाभर आमी सायबाचा घाम पितोय व्हय?"

"साधारण तसंच."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सायबाला घाम सुटला, ह्येच लई झालं म्हनायचं."

बायका हसल्या. गोरक्षनाथ घोंगडीवर लोळून हसला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे टिपण काढलं. स्रोताची क्षमता वाढवायची असेल तर आत बसणाऱ्यांची संख्या वाढवणे क्रमप्राप्त आहे. सबब, तालुक्यातील टंचाईविषयक सर्व बैठका यापुढे स्रोतामध्ये घेण्यात याव्यात.

आणि काय सांगू तुम्हाला! ज्या माणसांना मी दोन महिने करंजमाळला या म्हणून हात जोडत होतो, ती सगळी आली. रोज दहा-दहा, बारा-बारा. बैठक अकराला सुरू व्हायची आणि उन्हं उतरली की संपायची. दुष्काळावर इतका खोल विचार त्या तालुक्यात पूर्वी कधी झाला नव्हता. पाळीचा तक्ता लावावा लागला. कोणी कोणाची पाळी घेतली यावरून दोन अव्वल कारकुनांची तर जुंपली. आत गरम चहा सारखा चालू असायचा, कारण चहानं घाम येतो असं कोणीतरी सांगितलं. चहाचं पाणी टँकरचं. बैठक हाही यंत्राचाच भाग धरला होता.

कारभाऱ्यानं एकदा साहेबांना अदबीनं विचारलं, "सायेब, आमच्या बाया खडी फोडून येत्यात, पाझर तलावाची माती वाहून येत्यात. घामानं निथळत्यात. त्यास्नी घटकाभर आत बसवलं तर दोन हंडं सहज पडतील की."

साहेबांनी नकार दिला. एकच व्यक्ती लाभार्थी आणि स्रोत अशी दोन्ही असू शकत नाही, असं ते म्हणाले. मला ते पटलं. कागदावर तरी पटलं.

वैशाखात रंगुबाई मोकळी झाली. मुलगी झाली. त्या दिवशी बैठकीला चौदाजण होते, तरी हंडा पाऊणच भरला. पाळी दुसऱ्या घराची होती. त्या घरच्या मालनबाईनं हंडा उचलला आणि दगडाबाईच्या दारात ठेवून गेली. पुढं रोज कोणी ना कोणी तसंच केलं. चाळीस घरांनी ठरवून टाकलं की बाळंतीण उठेपर्यंत नळीचं पाणी तिचं. ह्याची नोंद कुठंही नाही. मी केलीही नाही, कारण पाळी सोडून पाणी देणं नियमात बसत नव्हतं.

तेवढ्यात वर्तमानपत्रात बातमी आली. साहेबांचा हात जोडलेला फोटो, आणि वर मथळा, 'दुष्काळी भागात हवेतून पाणी'. झालं. रविवारी गाड्या यायला लागल्या. नगरच्या, पुण्याच्या. माणसं मुलाबाळांना घेऊन, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दुष्काळ बघायला आली. कोरड्या विहिरीच्या काठावर उभं राहून फोटो काढले. साहेबांनी गाडीच्या दारापाशी टेबल मांडलं आणि त्यावर अभिप्रायाची वही ठेवली.

तुम्हीही आला होतात. मला आठवतंय, लपवू नका. ज्येष्ठातला पहिला रविवार, दुपारचा एक. तुमच्याबरोबर मंडळी होती, दोन मुलं होती, आणि मागच्या सीटवर बर्फ घातलेला थर्मास होता. तो मी काचेतून बघितला. पण तुम्हाला इथलं पाणी चाखायचं होतं. "ते हवेतलं पाणी कुठं मिळेल हो?" असं तुम्ही मला विचारलंत, आणि मी दगडाबाईच्या दाराकडं बोट दाखवलं.

आमच्याकडं दारात आलेल्याला आधी पाणी देतात. मग तो कोण, कुठला, हे विचारतात. दगडाबाईनं आत बघितलं. आत बाजेवर रंगुबाई पोरीला घेऊन पडली होती. बाजेखाली तो हंडा. दगडाबाईनं तांब्या बुडवला आणि तुमच्या हातात दिला. तुम्ही प्यालात. मंडळी प्याल्या. मुलं प्याली, आणि धाकट्यानं अर्धं फुलपात्र पायावर सांडलं तेव्हा तुम्ही त्याला रागावलात, कारण त्याचे बूट भिजले. मग तुम्ही दुसरा तांब्या मागितलात. "आजी, किती गार आहे हो," असं म्हणालात. उरलेल्या पाण्यात हात धुतलेत, पुऱ्यांचे तेलकट होते म्हणून. आजीनं हंडा आडवा करून तेवढंही काढून दिलं.  तुम्ही मोटारीकडं वळलात, तेव्हा ती डोक्यावर चुंबळ ठेवून, रिकामा हंडा घेऊन, भर उन्हात नदीच्या वाटेला लागली होती. तुम्ही तिला हात हलवलात.

जाताना तुम्ही टेबलापाशी थांबलात. वहीत काय लिहावं याचा थोडा विचार केलात, पेन झटकलंत, आणि सुरेख अक्षरात लिहिलंत : 'पाणी थंड व गोड. भरपूर मिळाले. लोक समाधानी दिसले.'

दगडाबाईचा टँकरचा अर्ज मी तोवर काढून टाकला नव्हता. अमान्य झाला तरी फेरविचाराला पाठवता येतो, म्हणून तो दोन महिने टेबलाच्या खणात वर ठेवला होता, खोटं नाही सांगत. फेरविचारासाठी वरून कळवलं होतं की वस्तीत पाणी पुरत नसल्याचा किंवा पुरत असल्याचा त्रयस्थ माणसाचा पुरावा जोडा. मला तसा माणूस मिळत नव्हता. सोमवारी सकाळी मी वहीतलं तुमचं पान काढून घेतलं, अर्जाला टाचलं, आणि अर्ज निकाली काढला. खाली सही तुमचीच आहे.